अबोल्याची बोली

वकीलबाईंनी बसण्याआधी खुर्चीच्या पाठीला लटकणारा पुठ्ठ्याचा बिल्ला उलटसुलट करून पाहिला.

"बसा हो, विकलेली नाही ती," थोरला म्हणाला. "विकली की लाल दोरा बांधतो आम्ही."

"आणि ही रेघ कसली?" फरशीवरच्या पिवळ्या रेघेकडे त्यांनी बुटाचं टोक नेलं.

"पलीकडचं विकायचं, अलीकडचं घरचं," धाकटा म्हणाला. "तुम्ही बरोब्बर मधोमध उभ्या आहात. अर्धं पाऊल इकडे या, उगाच कुणीतरी बोली लावायचा."

वकीलबाई हसल्या आणि खुर्ची उचलून अलीकडे आल्या. या घरात पहिल्यांदा येणाऱ्या प्रत्येकाला हा विनोद ऐकावा लागे. लग्न होऊन आली तेव्हा धाकटीनेही तो नवऱ्याच्या, या धाकट्याच्याच तोंडून ऐकला होता, आणि हसलीही होती. पण त्यांची छकुली रांगायला लागल्यापासून तिचं हसू आटलं होतं. एवढ्या मोठ्या घरात त्या पोरीला रांगायला नेमकी ती रेघच आवडे. पुढे लिलावाचा हॉल, मागे घर, आणि मध्ये दार नव्हतंच, नुसती रेघ. पलीकडे कपाटं, टेबलं, कुणाच्या तरी घरातून आलेल्या आणि कुणाच्या तरी घरात जायच्या खुर्च्या एकावर एक रचलेल्या. बाबांच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, अपघातानंतर एकावर एक रचलेलं काहीही दिसलं की धाकटी आधी पोरीच्या आड जाई. म्हणून आत्ताही ती रेघेवरच मांडी घालून बसली होती, छकुलीच्या वाटेत, भिंतीसारखी.

दावा उद्या दाखल व्हायचा होता. चूक कुणाची हा वाद संपला होता. बंद पडलेल्या एका कारखान्याचं सामान बाबा गोदामात उभं राहून पुकारत होते, आणि भिंतीला न ठोकलेली लोखंडी मांडणी कलून तिचा आडवा दांडा त्यांच्या गळ्यावर बसला होता. मांडणी ठोकायची राहिली होती, हे गोदामवाल्यांनी लेखी कबूल केलं होतं. जीव वाचला, आवाज गेला. "परत येईल का" या प्रश्नावर डॉक्टरांनी नुसती मान हलवली होती. आता बाबा बोलायला गेले की सायकलच्या चाकातून निघते तशी हवा तेवढी निघे. ज्यांना अख्खा बाजार 'तीनवार' म्हणायचा, ज्यांचं 'एक वार, दोन वार, तीन वार' रस्त्याच्या पार टोकाच्या न्हाव्याला दाढी करता करता ऐकू जायचं, ते बाबा खिडकीशी आरामखुर्चीत बसले होते. मांडीवर पाटी आणि हातात लिलावाचा लाकडी हातोडा. कुणाला बोलवायचं असलं की ते तो खुर्चीच्या हातावर ठोकत. घरात त्यांचा तेवढाच आवाज उरला होता.

"आज ठरवायचं ते एवढंच," वकीलबाई म्हणाल्या, "कशाकशाची भरपाई मागायची. माणसाला नुकसान एकच दिसतं, पण कोर्टात ते सुटं सुटं करून मांडावं लागतं. प्रत्येकाचं सदर वेगळं. जे सदर लावलं नाही, ते नुकसान झालंच नाही असं धरतात."

"म्हणजे तुमच्याकडेही बिल्ले लावतात," धाकटा म्हणाला.

"बिल्लेच म्हणा."

धाकटीला ते आवडलं. कॉलेजात तिने अर्थशास्त्र घेतलं होतं आणि मागणी-पुरवठ्याच्या आकृत्या काढून पहिला वर्ग मिळवला होता. पण एखादी वस्तू कुणी किती रकमेला का घेतो, हे तिला या हॉलमध्ये उभं राहिल्यावरच थोडंफार कळलं होतं. माणसाचंही असं सुटं सुटं करता येतं, हे मात्र तिने पहिल्यांदा ऐकलं.

सुरुवातीची सदरं भराभर उरकली. झालेला औषधपाणी-ऑपरेशनचा खर्च, पुढे लागेल तो, बुडालेली कमाई. पुढच्या न होणाऱ्या कमाईशी गाडी अडली.

"लिलाव चालूच आहेत म्हणतील ते लोक," थोरला म्हणाला. "मी पुकारतोय ना."

"गिऱ्हाईक येतं?"

थोरल्याने कॉलर सारखी केली. उत्तर वन्संनी दिलं. धाकटीची ही नणंद म्हणजे तिघा भावंडांतली मधली. सकाळपासून माहेरी येऊन बसली होती, आणि दोन भावांच्या मध्ये वाढलेली असल्यामुळे कुणालाच सोडायची नाही. "अहो, हा पुकारतो तेव्हा वाटतं, गाडी उशिरा येणार असल्याची सूचना चाललीय. दिलगीर आहोत एवढंच म्हणायचं बाकी ठेवतो."

खिडकीशी बाबांचे खांदे हलले. हसण्यातलं हसू तेवढं राहिलं होतं, आवाज नव्हता. ते बघायला धाकटीला अजून जमत नसे.

"मग हे सदर भक्कम आहे," वकीलबाई म्हणाल्या. "आता अवघड भाग. वेदना आणि यातना."

"दोन्ही एकच ना?" धाकटीने विचारलं आणि तिलाच वाटलं, आपण मध्येच तोंड घातलं.

पण वकीलबाई खुर्चीत पुढे सरकल्या. "बहुतेक लोक हे विचारतच नाहीत. दुखतं ती वेदना. दुखून गेल्यावर रात्री उठून बसतो ती यातना, असं ढोबळमानाने म्हणा. दोन्हींची पावती नसते."

"मग किंमत कोण ठरवतं?"

"न्यायाधीश. आधीचे निकाल बघून, समोरचा माणूस बघून."

खुर्चीच्या हातावर हातोडा वाजला. बाबांनी पाटीवर काहीतरी लिहिलं आणि ती छकुलीच्या दिशेने धरली. नऊ महिन्यांच्या पोरीपुढे धरलेली पाटी बघून वकीलबाईंच्या भुवया वर गेल्या. पण या घरात तसंच चाले, त्यामुळे बाकी कुणाला काही वाटलं नाही. धाकटीने मान वळवून वाचून दाखवलं, "किंमत वस्तूत नसते. दुसऱ्या नंबरच्या गिऱ्हाइकात असते."

हे बाबांचं लाडकं वाक्य. पहिला कितीही वेडा असू दे, दुसरा जिथे थांबतो तिथे भाव ठरतो.

"इथे दुसरं गिऱ्हाईकच नाही," वकीलबाई म्हणाल्या. "एकच आहे, आणि त्यालाही वस्तू नकोच आहे. आमची बोली सगळी उलटी."

स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी आई, म्हणजे धाकटीच्या सासूबाई, खिडकीकडे पाठ करून मटार सोलत होत्या. दाणे पातेल्यात टपटप पडत होते. बाबांचं वाक्य वाचून दाखवलं तेव्हा टपटप क्षणभर थांबली आणि पुन्हा सुरू झाली. धाकटीचं लक्ष तिकडे होतं. बाबा स्वतः म्हणायचे तेव्हा याच वाक्यावर आई नाकातून 'हं' करायच्या. तिने वाचलं की तो 'हं' येत नसे. वाक्य तेच, पण तिच्या तोंडून ते शिळ्या चहासारखं निघे.

"पुढचं सदर, आयुष्यातल्या आनंदाची हानी. पैसा सोडून द्या. ते काय करायचे, जे आता करता येत नाही?"

"गाणं वगैरे नव्हतं त्यांचं," थोरला म्हणाला.

"छकुलीला झोपवायचे," धाकटा म्हणाला, आणि त्याच्या आवाजातली थट्टा गेली. "लिलाव करून. खांद्यावर घ्यायचे आणि फेऱ्या मारायचे. 'हे बाळ, दोन दात, रडका माल, एक वार... दोन वार...' की ही झोपली."

"आणि तीन वार?"

"ते कधी म्हणायचे नाहीत. तीन वार म्हटलं की बाळ विकलं जाईल ना."

वकीलबाईंनी ते लिहून घेतलं. लिहिताना त्या हसत नव्हत्या. आता रोज दुपारी छकुली झोपायच्या वेळी भोकाड पसरते, खांद्यावर घेतलं तरी कुणाची तरी वाट बघितल्यासारखी मान वळवत राहते, हे धाकटीने सांगितलं नाही. तो आनंद नक्की कुणाचा गेला, बाबांचा की छकुलीचा, आणि छकुलीचं सदर वेगळं लागतं का, असा एक प्रश्न तिच्या जिभेवर आला होता. तो तिने गिळला.

"आता शेवटचं," वकीलबाई म्हणाल्या. "सहवासाची हानी."

धाकटा छताच्या पंख्याकडे बघू लागला.

"तसं नाही हो. म्हणजे तेही येतं त्यात, पण मुख्य म्हणजे सोबत. बोलणं-चालणं, आधार, एकमेकांचं असणं. नवऱ्याला इजा झाली की बायकोचंही काही जातं, आणि ते तिचं स्वतःचं नुकसान धरतात. सगळ्या दाव्यात हे एकच सदर बाबांचं नाही. आईंचं आहे. सही त्यांची, साक्षही त्यांची."

मटारची टपटप थांबली.

"ते नको," थोरला म्हणाला. इतक्या लगेच, की वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं.

"का?"

त्याच्याऐवजी वन्संनीच सांगितलं, "आई बाबांशी बोलत नाही."

"अपघातापासून?"

"मी शाळेत होते तेव्हापासून."

अबोल्याचं कारण घरातल्या सगळ्यांना पाठ होतं. धाकटीनेही ते इतक्या जणांकडून ऐकलं होतं, की ती स्वतः तिथे हजर होती असं तिला कधी कधी वाटे. आईंच्या आईचा आरसा. उभा, लाकडी चौकटीचा, माहेरून आलेली एकुलती एक वस्तू. चौकटीला नवीन पॉलिश दिलं होतं, ते वाळावं म्हणून आईंनी तो उन्हाकडे सरकवला, आणि सरकवता सरकवता तो रेघेपलीकडे गेला. दुसऱ्या कुठल्या घरात आरसा वीतभर सरकल्याने काही झालं नसतं. इथे सकाळी हमाल आले, रेघेपलीकडे दिसेल त्याला बिल्ला लावून गेले, आणि दुपारी भरल्या हॉलमध्ये आरसा बोलीवर चढला. बाबा पुकारण्याच्या तंद्रीत. दोन वार झाले तेव्हा आई चहाचे कप घेऊन रेघेवर आल्या आणि म्हणाल्या, "थांबा." बाबांनी ऐकलं. सगळ्यांनीच ऐकलं. पण वर गेलेला हातोडा खाली आला. तीन वार झाले की शब्द फिरत नाही, यावर तर हे लिलावघर उभं होतं. घेणारा गाडी घेऊनच आला होता. त्या दिवसापासून आईंनी त्या आवाजाला थेट उत्तर दिलं नाही.

"आरशासाठी?" वकीलबाई हळूच म्हणाल्या.

"आरशासाठी नाही," आई उंबऱ्यातून म्हणाल्या. "पुढचं चालू द्या तुमचं."

पुढचं म्हणजे भांडण. वन्सं आधी थोरल्यावर तुटून पडल्या. "नको काय म्हणतोस? औषधाला, कमाईला, तुझ्या पुकारण्यालासुद्धा सदर आहे. आईचंच तेवढं काही नाही? ती काय पलीकडचं सामान आहे?"

"तायडे, मी काय म्हणतोय ते समजून घे. तो समोरचा वकील आईला उभी करून काय विचारेल?"

"काय विचारेल?"

थोरल्याने वकीलबाईंकडे पाहिलं. त्यांनी चष्मा काढला, आणि त्यांचा आवाज एकदम परका झाला. "बाई, तुमचा दावा आहे की नवऱ्याचा आवाज गेल्याने तुमची सोबत गेली. तो आवाज होता तेव्हा तुम्ही त्यांच्याशी किती वर्षं बोलत नव्हता? मग गेलं ते नक्की काय?" त्यांनी चष्मा पुन्हा लावला. "असं. आणि लोक हसतील. हसणं एका सदरापुरतं राहत नाही, सगळ्या दाव्याला लागतं."

वन्संनी उंबऱ्यातल्या पाठीकडे पाहिलं, आणि मग म्हणाल्या, "नको. तिला तिथे उभी करून हसायचं असेल तर नको."

"माझंही तेच," धाकटा म्हणाला.

आजोबांच्या वेळची घड्याळं विकायची की ठेवायची यावर या तिघांनी दोन संध्याकाळी आणि एक जेवण नासवलं होतं, हे धाकटीने डोळ्यांनी पाहिलं होतं. आज आईचं सदर काढायला तिघांचं दहा मिनिटांत एकमत झालं. सगळे आईच्याच भल्याचं बोलत होते, आणि आईला कुणी विचारलं नव्हतं.

"पण ते दोघं बोलतात," धाकटी म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. छकुलीनेही. तोंडातून निघालेलं आता परत घेता येत नव्हतं. "म्हणजे एकमेकांना नाही. मांजराला."

"कुणाला?"

"बाबा म्हणायचे, 'मांजरा, आज आमटीत मीठ कुणी दोनदा टाकलं विचार.' मग आई म्हणायच्या, 'मांजरा, एकदाच टाकलंय, दुसरं खाणाऱ्याच्या जिभेवर आहे म्हणावं.' दिवसभर चालायचं. मी नवीन आले तेव्हा वाटलं, पोस्टमन म्हणून मला ठेवतील. पण माझी गरजच नव्हती. मांजर होतं."

वकीलबाईंनी इकडेतिकडे पाहिलं. "कुठाय मांजर?"

"आमच्याकडे मांजर नाही," आई म्हणाल्या.

धाकट्याने तोंडावर हात धरला. नवीन नवरी असताना धाकटीने बशीत दूध काढून चांगले काही दिवस जिन्याखाली ठेवलं होतं, आणि घरातल्या एकाही माणसाने तिला सांगितलं नव्हतं. तिला तो राग आजही होता.

वकीलबाई उठल्या, खुर्ची उचलून उंबऱ्याजवळ नेली आणि आईंच्या समोर बसल्या. पातेल्यातली एक शेंग घेऊन सोलू लागल्या. "तो वकील विचारेल तेच मी विचारते. शेवटचं कधी बोललात?"

"अपघाताच्या दिवशी सकाळी."

"काय बोललात?"

"मी मांजराला म्हटलं, गोदामं गार असतात. गळा गुंडाळून गेलेलं बरं."

वकीलबाईंनी पुढची शेंग उचलली.

"आणि ते?"

"ते म्हणाले, मांजरा, गळा गुंडाळला तर माल विकेल कोण, विचार." आईंनी हातातली शेंग दाबली, ती रिकामी निघाली. "यावर उत्तर होतं माझ्याकडे. चांगलं होतं. म्हटलं, संध्याकाळी देऊ."

"आता द्या ना. ते ऐकतात. लिहूनही दाखवतात."

"लिहून," आई म्हणाल्या. त्या जरा थांबल्या. एखाद्या वस्तूचा बिल्ला सापडेना की बाबा थांबायचे, तशा. "तुम्ही शिकलेल्या आहात, बघा बरं तुम्हाला कळतं का. ऐकलं न ऐकलंसं करता येतं. पाठ फिरवूनही ऐकू येतं, भाजी चिरताना ऐकू येतं. वाचलं न वाचलंसं कसं करणार? वाचायचं तर माणसाकडे वळावं लागतं." शेंगेची साल त्यांनी बाजूला टाकली. "अबोला धरायलासुद्धा समोरच्याचा आवाज लागतो. आता अबोला कुठे आहे? नुसती शांतता आहे. ती काय, कुणाशीही असते."

वकीलबाईंनी पेन उचललं नाही. धाकटीला वाटलं, इतका वेळ आपण सगळे सोबत मोजत होतो ती बोलण्यात. आणि ही दोघं ती कुठे ठेवून बसली होती, तर पाठीमागे.

हातोडा वाजला.

बाबा लिहीत होते, खडू कचकचत होता. पाटी छकुलीकडे वळली. धाकटीने वाचलं. *काढून टाका. तिला चार लोकांत उभी करून विचारतील.*

थोरल्याने मान लांब करून वाचलं होतं. "बघा, बाबांचंही—"

"काय लिहिलंय?" आईंनी विचारलं. पाठ तशीच.

अपघात झाल्यापासून हे त्यांनी एकदाही विचारलं नव्हतं. उत्तर द्यायचं काम धाकटीचं. रोज तीच वाचून दाखवी. तिने तोंड उघडलं, आणि मिटलं. आपण वाचलं की हे वाक्यही शिळं होईल. शिवाय ती वाचेल आणि आई पाठ न वळवता ऐकतील, म्हणजे बाबांच्या आवाजाच्या जागी तिचा आवाज बसेल. आणि ती जागा तिची नव्हती.

"अक्षर लागत नाहीये, आई," ती म्हणाली.

धाकट्याने चमकून बायकोकडे पाहिलं. बाबांचं अक्षर म्हणजे बिल्ल्यांवरचं अक्षर, पन्नास पावलांवरून वाचता येईल असं. मांजरालाही वाचता आलं असतं. थोरला बोलायला गेला, तर वन्संनी त्याच्या पायावर पाय दिला.

आईंनी पातेलं खाली ठेवलं, हात झटकले. डोक्यावर सरकवलेला चष्मा नाकावर घेतला. मग त्या उठल्या आणि वळल्या. उंबऱ्यापासून खिडकीपर्यंतचं अंतर काही फार नव्हतं, पण त्या अशा चालल्या, की वाटेत कुणाचं तरी सामान पडलंय आणि त्याला धक्का लागता कामा नये. धाकटीने छकुलीला उचलून वन्संच्या खांद्यावर दिलं आणि बाजूला झाली. रेघेवर आता कुणी बसलं नव्हतं.

बाबांनी पाटी खाली घ्यायचा प्रयत्न केला. आईंनी तिची कड धरली. ओठ न हलवता वाचलं, एकदा, पुन्हा एकदा. मग तळहाताने पाटी पुसली, या कडेपासून त्या कडेपर्यंत, आणि खडूने पांढरा झालेला हात तसाच ठेवून म्हणाल्या,

"तुम्हाला किती वेळा सांगायचं, माझ्या वस्तूला मला न विचारता हात लावायचा नाही म्हणून."

मांजराला नाही, छकुलीला नाही. समोर बघून.

बाबांच्या तोंडून नुसती हवा निघाली.

"सदर राहील," आई वकीलबाईंना म्हणाल्या, पण वळल्या नाहीत. "माझं आहे ते. विचारू दे काय विचारायचं ते. हसू दे. मांजराचं सगळं सांगीन मी."

"आणि आता बोलताय की, असं म्हणाले तर?" वकीलबाईंनी विचारलं. विचारण्यात वकिलीपेक्षा उत्सुकताच जास्त होती.

"आता मी बोलतेय. उत्तर कुठे येतंय?"

थोरला खाली बघत खुर्चीच्या बिल्ल्याचा दोरा बोटाला गुंडाळत होता. बाबांचा हात हातोड्याकडे गेला. आता काय हवंय, म्हणून सवयीने धाकटी पुढे झाली. पण ते बोलावणं नव्हतं. हातोडा खुर्चीच्या हातावर पडला तो सावकाश, हॉलमध्ये पडायचा तसा. एकदा. हवेत 'एक वार' नव्हतं, तरी सगळ्यांनी ते ऐकलं. मग दुसऱ्यांदा. वन्संच्या खांद्यावर छकुलीने मान टाकली. दोन वार झाले की झोपायचं, एवढंच तिला माहीत होतं.

तिसऱ्या वेळी हातोडा वर गेला.

आई आज 'थांबा' म्हणाल्या नाहीत. त्या नुसत्या उभ्या होत्या, चष्मा नाकावर, हात खडूने भरलेला. हातोडा वरच राहिला. आणि आई हातोड्याकडे बघतच नव्हत्या, बाबांकडे बघत होत्या.